टॉवर आत्याची छत्री

आधीच सांगून टाकते, आमच्या नणंदेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ठार वेडी समजले होते. हसा, हसा, मीही हसतेच आहे. पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?

लग्न होऊन या घरात येऊन आठवडासुद्धा झाला नसेल. धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेले, तर समोर ही. कानाला भलेमोठे हेडफोन, एका हातात वॉकीटॉकीसारखं काहीतरी आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री म्हणजे नुसता सांगाडा हो, वर कापडाचा पत्ता नाही. दांडीला काड्या आडव्या बांधलेल्या, माशाच्या काट्यासारख्या. तो काटा आभाळाकडे रोखून बाई हळूहळू गोल फिरत होती. मधेच मनगट वळवायची, कढईत झारा फिरवावा तसं. आणि पुटपुटत काय होती, तर अक्षरं आणि आकडे. मग एकदम खुलली आणि म्हणाली, "हो हो, ऐकू येतंय, स्पष्ट येतंय!" मी वर पाहिलं. वर कोणी नव्हतं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा होता, तोही उडून गेला.

बादली तिथेच टाकून मी खाली आले आणि माहेरी फोन लावला.

"आई, आपल्याला फसवलं. यांच्या घरात वेडी मुलगी आहे, सांगितलंच नाही."

"अगं बाई! मारते का?"

"मारत नाही. छत्री दाखवते."

"कुणाला?"

"वर."

आईने लगेच माझ्या मामाला धाडलं, चौकशीला. मामा म्हणजे चौकशीचा किडा. आला, चहा घेतला, मिशी पुसली आणि 'जरा हवा खातो' म्हणून गच्चीवर गेला. गेला तो गेलाच. मी जिन्यात उभी राहून नखं खातेय. बऱ्याच वेळाने खाली आला, तर डोळे हे एवढे झालेले. म्हणाला, "पोरी, ती शहाणी आहे. मीच जरा हललोय. मी आत्ता उपग्रहातून माणूस ऐकला. त्याला सर्दी झालेली."

तर ही आमची टॉवर आत्या. नाव माझ्या मुलाने लहानपणी ठेवलं, मग गल्लीनेच उचललं.

पोटापाण्यासाठी ती कानाची यंत्रं दुरुस्त करते. दुकानाच्या पुढच्या भागात काच, आरसा, मऊ खुर्च्या आणि गोड बोलणारा मालक. मागे लाकडी फळीच्या आड हिचं टेबल. वाकडा दिवा, भिंग, चिमटे, सुईसारख्या टोकाची, तारा डाखायची सोल्डरिंगची कांडी आणि वाटीत डाळीएवढ्या बॅटऱ्या. म्हातारी माणसं येतात, टेबलावर यंत्र आपटतात आणि ओरडतात, "बंद पडलंय!" ही शांतपणे उघडते, फुंकर मारते, बारीक ब्रश फिरवते. निम्म्या यंत्रांना काही झालेलंच नसतं, नळीत मळ साचलेला असतो. माणसं हिचे हात हातात घेतात, आशीर्वाद देतात. ही म्हणते, "आजोबा, कान धुवा, बाकी यंत्र छान आहे." आणि घरी येऊन सुती साडी बदलून थेट गच्चीवर.

गच्चीवर तिची खोली होती. पलंग, कपाट, आणि उरलेल्या जागेत तारा. तिथेच ती रेडिओ जुळवायची, उघडायची, पुन्हा जुळवायची. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला, भिंतीला लावलेला. त्या परवान्यावर तिचं हवेतलं नाव आहे, अक्षरं आणि आकडा. त्या नावाने तिला कुठले कुठले लोक ओळखतात. मला फार गंमत वाटायची. खाली गल्लीत ही गेली की बायका विचारणार, "काय गं, लग्नाचं राहिलंच का?" वर आभाळात कोणी विचारत नाही. वर विचारतात, "कसा येतोय माझा आवाज?" तेवढंच.

मला तिने समजावून सांगितलं होतं, मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. वर लहान लहान पेट्या फिरत असतात, उपग्रह म्हणतात त्यांना. काही तर बुटाच्या खोक्याएवढ्यासुद्धा नाहीत. एखादी आपल्या आभाळात उगवते, डोक्यावरून जाते, पलीकडे मावळते. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात आपण खालून बोलायचं. पेटी ते ऐकते आणि तिथल्या तिथे पुन्हा खाली सोडते, मग दूरदूरच्या लोकांना ऐकू जातं. छत्री तिच्याकडे रोखून ठेवायची, कारण पेटी पळत असते. मनगट वळवायचं, कारण पेटी लोळतसुद्धा असते. आणि सगळ्यात मोठा नियम, एका वेळी एकानेच बोलायचं. बोलताना बटण दाबायचं, झालं की सोडायचं. दोघांनी एकदम दाबलं की दोघांचंही वाटोळं, नुसती शिट्टी वाजते. आणि कोणी बटण दाबूनच बसला तर बाकी सगळे मुके.

"आणि वहिनी, बटण दाबलेलं असताना आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तुझा दादा," मी म्हटलं. "जन्मल्यापासून दाबलेलं आहे."

खुदकन हसली. पण माझा विनोद पुढे मलाच बोचला, ते सांगतेच.

आमचे हे शाळेत पीटीचे मास्तर होते. आयुष्यभर मैदानावर ओरडले आणि शिट्टी फुंकली. त्या शिट्टीने पोरांना शिस्त लागली की नाही देव जाणे, यांच्या कानांचे मात्र बारा वाजले. तरी मान्य करतील तर शपथ. "मला ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता." शेवटी बहिणीनेच यांच्या कानाचं माप घेतलं, यंत्र बसवून दिलं, आवाज जुळवून दिला. हे ते कानात घालतात आपल्या मर्जीने. ऐकायचं नसलं की काढून शर्टाच्या खिशात. खिशात ते शीळ घालत बसतं, बारीक, किटलीसारखी. बहीण म्हणते, "दादा, खिशात ठेवलंस तर बॅटरीचं दार उघड, नाहीतर ते बिचारं तिथे ऐकत बसतं."

तर असं हे घर. यांचं बटण कायम दाबलेलं, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू, मुलगा बापावर गेलेला. आणि त्यात ही टॉवर आत्या. हिची बोलायची रीत सगळी हवेतली. एक वाक्य बोलणार, थांबणार. समोरच्याचं पूर्ण होईस्तोवर गप्प राहणार. मधे तोडणं नाही, आवाज चढवणं नाही. 'ओव्हर' तेवढं म्हणायची नाही, पण चेहऱ्यावर दिसायचं, आता तुमची पाळी. आमच्याकडे पाळी कोणी देत नाही, घ्यावी लागते. जो दुसऱ्याला तोडतो त्याचं खरं. त्यामुळे टीव्हीवर काय लावायचं इथपासून सगळ्या वादांत ही हरायची. बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते काही खोटं नाही.

फक्त एका वादात तिने कधी हार मानली नव्हती. छत्री कुणी मोडली?

ती अँटेनाची छत्री म्हणजे माझ्या सासऱ्यांची. काळी, लांब दांड्याची, लाकडी मुठीची. ही दोघं भावंडं लहान असताना एक दिवस ती छत्री कपाटामागे सापडली, कापड उभं फाटलेलं. यांनी सांगितलं, हिने मोडली, काड्या काढायला. हिने सांगितलं, मला मोडलेलीच मिळाली. सासऱ्यांनी थोरल्याचं ऐकलं. पोरीचा हाताने जुळवलेला रेडिओ कपाटात गेला, वर कुलूप. पुढे कितीतरी महिन्यांनी कुलूप निघालं, पण समजूत निघाली नाही. सासरे गेले ते तीच समजूत घेऊन. आणि ही बाई त्याच छत्रीचा अँटेना करून बसली. जिन्यात, जेवताना, कुठेही विषय निघायचा.

"माझ्या बापाची चांगली छत्री मोडली हिने."

"मोडलेलीच होती."

"मोडलीस तूच."

मग ती थांबायची, हे बोलत राहायचे, आणि विषय यांच्या बाजूने संपायचा. मी म्हणायचे, "अहो, सोडा ना. छत्री म्हणजे काय राज्य आहे?" पण सासूबाईंनी एकदा मला भाजी निवडताना सांगितलं होतं, की मुळात रेडिओचं वेड दोघांचं. पहिला रेडिओ दोघांनी मिळून जुळवला. हा छपरावर तार धरायचा, ती खाली कळ फिरवायची. परवान्याची परीक्षाही दोघं एकदमच द्यायला गेली. ती पास झाली, हे नापास. त्या दिवसापासून यांनी तारेला हात लावला नाही आणि रेडिओला 'खेळणं' म्हणायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही माझीच. पण गच्चीवरची खोली मी तिला दिली आहे हो, सगळ्यांसमोर." दिली म्हणजे तोंडाने. तेव्हा हेही होते, मान डोलावली होती.

पुढे सासूबाई गेल्या. मग मुलाचं लग्न झालं. सून आली, चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण दिवाणखान्यात पडदा लावून दोघं किती दिवस राहणार? आता तर बाळाची चाहूल लागलेली. तेव्हा यांनी ठरवलं, गच्चीवर मजला चढवायचा. आत्याची खोली पाडून दोन खोल्या, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, त्या छपरावर चढायला जिना नाही. आणि आत्याला खाली मागची खोली, पाण्याच्या पंपाशेजारी. त्या खोलीला एक खिडकी आहे. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत आहे. भिंत आणि आमचं घर यांच्यामध्ये आभाळाची एक पट्टी दिसते, साडीच्या काठाएवढी.

एका रविवारी सकाळी सगळ्यांना बसवलं. मिस्त्रीने काढलेला नकाशा टेबलावर, त्यावर चहाचे कप. आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, हात मांडीवर. मला दिसत होतं, तिने बोलायचं ठरवून आणलंय. ओठ आतल्या आत हलत होते.

"तर हे असं," यांनी सुरू केलं. "इथे न्हाणीघर, इथे स्वयंपाकाचा ओटा."

"ओटा पलीकडे घेऊ बाबा," मुलगा म्हणाला.

"पलीकडे पाइप कुठे आहे? बोलतोस उगाच."

"पाइप नेता येतो."

"तुझ्या खिशातून नेतोस का?"

"अहो," मी म्हटलं, "आधी हिला विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? हिला खाली बरंच की. जिने चढायचा त्रास वाचला. गुडघे दुखतात ना गं तुझे?"

आत्याने तोंड उघडलं. "दादा, खोली..."

"दुखतात. मलाच दुखतात, हिला का नाही दुखणार? आणि ते तुझं वरचं सामान, तारा-बिरा, खाली मावेल तेवढं ने. आता मोबाईलवर सगळं मिळतं. जगात कुणाशीही बोला. छत्र्या कशाला फिरवायच्या?"

ती थांबली. तिला वाटलं, हा बटण सोडेल, आणि माझा तो विनोद मलाच बोचला. ते न्हाणीघराकडे वळले. मुलगा ओट्याकडे. मी हिच्या बाजूने एक बोलले आणि पोराच्या बाजूने दोन, म्हणजे कुणाच्याच बाजूने बोलले नाही. माझाच मुलगा, माझीच नणंद. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी एकदा शांतता झाली. मुलगा फोनवर मिस्त्रीचा नंबर शोधत होता, हे चहा पीत होते. हीच ती पाळी. मी आत्याकडे पाहिलं, म्हटलं बोल बाई, आता तरी बोल. ती यांच्याकडे पाहत होती. म्हणजे यांच्या तोंडाकडे नाही, शर्टाच्या खिशाकडे. मीही पाहिलं. खिशातून यंत्राचं टोक दिसत होतं, ओट्याचं बोलून होताच कानातून काढलेलं. शीळ नव्हती. बॅटरीचं दार उघडं होतं. तिनेच शिकवलं होतं तसं, अगदी व्यवस्थित.

ती उठली, कप गोळा केले आणि आत जाऊन धुवायला लागली.

"बघ," हे म्हणाले, "काही बोलली का? तिला चालतंय."

आत गेले तर नळ धो धो सोडलेला आणि कप केव्हाच धुऊन झालेले. मी नळ बंद केला. "अगं, बोलायचं होतंस ना! ओरडायचं! कप फोडायचा एखादा!"

"वहिनी," ती म्हणाली, "रिसीव्हर बंद असताना बोलायचं कुणाशी?"

"मग यंत्र कानात कोंबायचं त्यांच्या!"

"तसं करत नाहीत."

काय करायचं या बाईचं? माझा इतका संताप झाला की धुतलेले कप मी पुन्हा धुतले.

पाडकामाच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, तिने भावाला एकच गोष्ट मागितली. जिन्यात गाठून, कानात यंत्र आहे हे बघून. "दादा, थोड्या वेळाने एक उपग्रह येतोय, बरोबर डोक्यावरून. माझा इथून शेवटचा. तू छत्री धर, मी बोलते. पूर्वी तार धरायचास तसं."

हे एक क्षण थांबले. खरंच थांबले, मी पाहिलं. मग म्हणाले, "मिस्त्री येणार आहे विटांचं बघायला. ही खेळणी आता पुरे." आणि उतरून गेले. मिस्त्री त्या दिवशी आलाच नाही.

मग छत्री धरायला मी. माझं काय, मला कढई कळते, आभाळ कळत नाही.

"वहिनी, कावळा दाखवताय. उपग्रह तिकडे."

"मला काय दिसतोय का तो?"

"मलाही दिसत नाही. टाकीच्या डावीकडून वर न्या. हळू. आता मनगट वळवा. हां, आला!"

माझ्या एका कानाला तिने हेडफोनचा एक कप लावला होता. आधी नुसता खरखराट, मग त्यातून माणसं. एक घोगऱ्या आवाजाचे आजोबा आहेत, तिला कितीतरी वर्षं ओळखतात, कधी भेटले नाहीत. एक शाळेतली बाई आहे, तिच्यामागे नेहमी कोंबडा आरवतो. आत्याने आपली अक्षरं सांगितली आणि म्हणाली, "या जागेवरून माझं हे शेवटचं. पुढे आभाळ मिळेल की नाही माहीत नाही. सगळ्यांचे आभार." आणि बटण सोडलं.

आजोबांनी निरोप दिला. कोंबडावाल्या बाईने दिला. आणखी कोणी कोणी दिला, एकामागून एक, कोणी कुणाला तोडलं नाही. आणि मग सगळे गप्प झाले. मला वाटलं बिघडलं. मी म्हटलं, "गेला का गं?"

"नाही. अजून वेळ आहे. माझ्यासाठी जागा सोडलीय त्यांनी."

एवढ्या मोठ्या आभाळात, कुठल्या कुठल्या गावांतून माणसं बटणावरचं बोट उचलून बसली होती, या बाईने आणखी काही बोलावं म्हणून. आणि तिला बोलताच येईना. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. शेवटी पुन्हा फक्त आपली अक्षरं म्हणाली. तेवढ्यात तो मावळला. माझा हात भरून आला होता, पण छत्री खाली घ्यायचं सुचेना.

खालून हाक आली, "अगं, चहा मिळणार आहे का आज?"

मजला झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू. सुनेने खिडक्यांना पडदे लावले. आत्या पंपाच्या खोलीत गेली. एकदा ती मैदानावर गेली होती छत्री घेऊन. पोरं जमली. मग रखवालदार आला, "बाई, हे कसलं यंत्र? परवानगी आहे का?" हिने परवाना दाखवला. तो एकेक अक्षर लावत वाचत बसला, तोवर उपग्रह निघून गेला. पुन्हा गेली नाही. आता खिडकीतून छत्री बाहेर काढून उभी राहते. पट्टीतून पेटी सरकते तेवढ्यात अक्षरं सांगून होतात. कोणी उत्तर दिलं तर ते अर्धंच येतं, उरलेलं शेजारच्यांच्या भिंतीमागे जातं. आणि पंप सुरू झाला की तेही नाही, नुसता गुरगुराट. पंप कधी लावायचा ते हे ठरवतात.

मी यांना म्हटलं, "अहो, पंपाची वेळ तरी बदला." म्हणाले, "पाणी विचारून येतं का?" पालथ्या घड्यावर पाणी, तेही पंपाचं.

परवाची गोष्ट. संध्याकाळी मिस्त्री गळतीचं बघायला येणार होता, म्हणून हे कानात यंत्र घालून बसलेले. आत्याच्या खोलीत ओल आली म्हणून तिने छत्री बोळात भिंतीला टेकून ठेवलेली. हे तिथून गेले आणि छत्रीला अडखळले.

"काय ही अडगळ! माझ्या बापाची चांगली छत्री, काय दशा केलीय!"

आत्या दारात आली. "मोडलेलीच मिळाली होती, दादा." आणि थांबली.

"पुन्हा तेच! अगं, धडधाकट छत्री होती. बाबा मुठीला तेल लावायचे. तू काड्या काढल्यास, तूच मोडलीस."

ती गप्प. हाताची घडी घालून यांच्याकडे बघतेय. मी ओट्यापाशी, सून जिन्यात, मुलगा तिच्यामागे. मला वाटलं, संपलं, नेहमीसारखं. पण यांना समोर शांतता दिसली की राहवत नाही, भरायलाच लागते. मैदानाची सवय.

"आणि म्हणे मोडलेली मिळाली! काड्या सगळ्या शाबूत होत्या, एकूण एक! मी स्वतः बघितल्या होत्या. फाटकावर चढताना अडकली तेव्हा नुसतं कापड फाटलं, एका काडीला धक्का नव्हता लागला! आणि तू..."

थांबले. आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्ये थांबले.

"कुठलं फाटक, बाबा?" सुनेने विचारलं. तिला बिचारीला काही माहीत नाही.

पंपसुद्धा बंद होता त्या वेळी. यांचा हात हळूच कानाकडे गेला.

"दादा, बॅटरी काढू नकोस," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, दुकानातल्या म्हाताऱ्यांशी बोलते तसाच. "फाटकावरून कोण चढत होतं?"

"लहान होतो मी."

"छत्री कुणी मोडली?"

"काय घेऊन बसलीस, बाबा जाऊन किती..."

ती थांबली. पूर्ण थांबली. आम्ही सगळेच थांबलो. मीसुद्धा, विचार करा.

"बरं," हे भिंतीकडे बघून पुटपुटले, "माझ्या हातून."

आत्याने छत्री उचलली, दांडीवरची धूळ पदराने पुसली, आणि म्हणाली, "आवाज तुटला, दादा. नीट आलं नाही. पुन्हा सांग."

"माझ्या हातून मोडली! मी मोडली!" हे ओरडले, मैदानावर ओरडायचे तसे. शेजारच्यांची खिडकी उघडली.

"हां," ती म्हणाली, "आता स्पष्ट आलं." आणि छत्री घेऊन पंपाच्या खोलीत गेली.